टाकाऊतून टिकाऊ करायचं, तर मापंही छापा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

दिवाळीची साफसफाई, मे महिन्याची सुट्टी, गणपतीची आरास, काहीही निमित्त असो, 'टाकाऊतून टिकाऊ' हा विषय सगळ्याच पुरवण्यांमध्ये येतो. विषय जिव्हाळ्याचा आहे आणि तो यावाच. पण छापून येतं त्यात बहुतेक वेळा एक देखणा फोटो आणि चार ओळी असतात. पाककृतीच्या सदरात वाटी-चमच्याचं प्रमाण असतं, आच किती, वेळ किती हेही असतं. हस्तकलेच्या सदरात मात्र 'जुन्या साड्या घ्या, एकावर एक ठेवा आणि सुंदर गोधडी शिवा' एवढ्यावर काम भागतं. किती साड्या, कसल्या, दोरा कोणता, सुरुवात कुठून, यातलं काही नसतं. वाचणारी उत्साहाने साड्या कापते, आठ दिवसांत मधोमध फुगवटा येतो, आणि कापलेल्या साड्यांचं बोचकं माळ्यावर जातं. मग ना साडी राहते, ना गोधडी होते.

दुसरी तक्रार वस्तूंच्या निवडीबद्दल आहे. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीला रंग, चमकी, लेस आणि गरम गोंद लावून केलेला पेनस्टँड वर्षभरही टिकत नाही. ग्लू गनचा गोंद कडक उन्हात मऊ पडतो, लेस सुटते. नुसती बाटली भंगारवाला घेतो, पण रंग आणि गोंद लागलेली बाटली तो बाजूला काढतो. म्हणजे ज्या वस्तूचा पुनर्वापर झाला असता तिचा आपण हौसेने कचरा केला. घरात जे विकत आणावं लागतं त्याची जागा हाताने केलेली वस्तू घेते का, धुता येते का, उसवली तर पुन्हा शिवता येते का, हे तीन प्रश्न प्रत्येक कृतीला विचारावेत. गोधडी, दुपटं, पायपुसणं, भांडी उतरवायचं फडकं या वस्तू या कसोटीला उतरतात. म्हणून गोधडीबद्दल इथे सविस्तर लिहिते. ते छापावं ही विनंती.

आधी कापड. गोधडी सुती साड्यांचीच करावी. हल्लीच्या पुष्कळ साड्या दिसायला सुती आणि आतून पॉलिएस्टर मिसळलेल्या असतात, त्यामुळे हातावर विसंबू नये. पदराच्या टोकाचा एक धागा काढून चिमट्यात धरावा आणि सिंकपाशी काडी लावावी. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही तसाच येतो, आणि बोटाने चुरगळेल अशी राख उरते. टोकाला टणक काळा मणी उरला तर पॉलिएस्टर आहे. मणीही आणि थोडी राखही उरली तर मिश्र कापड आहे. पॉलिएस्टर घाम शोषत नाही, थर एकमेकांवर घसरतात आणि टाका बसला तरी सैल राहतो. एकाच गोधडीत सुती आणि मिश्र थर आले तर धुतल्यावर दोन्ही वेगवेगळे आटतात आणि पृष्ठभागावर चुण्या पडतात. या चुण्या नंतर कशानेही जात नाहीत.

जुनं कापड गोधडीला चांगलं, कारण ते धुऊन धुऊन आटायचं तेवढं आटलेलं असतं आणि मऊ झालेलं असतं. पण जुनं आणि विरलेलं यात फरक आहे. साडी उजेडासमोर धरून पाहावी. बसताना ताण येतो तो मागचा भाग आणि टाचेखाली येणारा काठ सगळ्यात आधी विरतो. पदर आणि आत खोचली जाणारी बाजू बहुधा चांगली असते. संशय आलेल्या जागी दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी कापड आडवं आणि उभं ताणून बघावं. 'टर्र' असा बारीक आवाज आला तर तो तुकडा वरच्या थराला घेऊ नये, आतल्या थरात चालेल. हाताने सहज फाटला तर आतही घेऊ नये, तो पायपुसण्याच्या वेणीच्या पट्ट्यांना ठेवावा. फॉल उसवून टाकावा, तो बऱ्याचदा वेगळ्या कापडाचा असतो. जरीचा काठ अंगाला टोचतो, तो कापून बाजूला ठेवावा. धड असलेल्या जरीच्या साड्या बोहारणीला देऊन भांडं घेतलेलं परवडतं, आणि तिला नको असलेल्या विटक्या सुती साड्याच गोधडीला उत्तम असतात.

साड्यांची खळ पूर्ण जाईपर्यंत धुवावं. खळ राहिलेल्या कापडाला कसर लागते. लाल, मरून, गडद निळ्या साडीचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासून बघावा. रंग उतरत असेल तर मीठ किंवा तुरटीच्या पाण्याने तो थांबेल या भरवशावर राहू नये. पाणी स्वच्छ निघेपर्यंत वेगळं धूत राहावं, आणि तरीही निघत असेल तर ती साडी गोधडीत घालू नये, अगदी आतल्या थरातही नाही. आतला रंग पहिल्याच धुण्यात वर येतो.

आता मापं. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे 216 इंच लांब आणि 45 इंच पन्ह्याची धरू. एका माणसाच्या गोधडीला चार थर आणि तीन साड्या लागतात. प्रत्येक साडीचे 62 इंचांचे तीन तुकडे करावेत, 30 इंचांचा एक तुकडा उरतो. तीन साड्यांचे मिळून 62 बाय 45 चे नऊ मोठे तुकडे आणि तीन लहान तुकडे होतात. वरच्या थराला दोन मोठे तुकडे काठाला काठ जोडून मशीनवर टीप मारावी. दोन्हीकडची अर्धा-अर्धा इंच दुमड गेली की 89 बाय 62 इंचांची चादर तयार होते. खालच्या थरालाही तसंच करावं. वरच्या जोडाची दुमड डोक्याच्या बाजूला आणि खालच्या जोडाची पायाच्या बाजूला पाडावी, म्हणजे एकाच रेषेत कापडाची जाड वळी येत नाही.

आतले दोन थर शिवून जोडायची गरज नाही, ते नुसते मांडायचे. पण जोड मात्र सरकवावेत. आतल्या पहिल्या थरात एक अख्खा तुकडा मधोमध ठेवून दुसऱ्याचे साडेबावीस इंचांचे दोन उभे भाग करून दोन्हीकडे ठेवावेत. दुसऱ्या थरात एका तुकड्याचे 30 आणि 15 इंच असे दोन भाग करून अख्ख्या तुकड्याच्या एका बाजूला मोठा, दुसऱ्या बाजूला लहान ठेवावा. कडा अर्धा इंच एकमेकींवर चढवाव्यात. कडेला कड नुसती भिडवली तर शिवताना फट पडते, आणि दोनेक वर्षांनी नेमक्या त्या रेषेवर गोधडी पातळ लागायला लागते. सगळे जोड मधोमध आणले तर तिथे सुई शिरतच नाही, जबरदस्ती केली तर मोडते. नववा तुकडा विरलेल्या जागी ठिगळ लावायला कामी येतो.

नऊवारी लुगडं मिळालं तर हिशेब आणखी सोपा होतो. नऊ वार म्हणजे 324 इंच, त्यात 62 इंचांचे पाच तुकडे बसतात. दोन लुगड्यांत चार थर होऊन दोन तुकडे उरतात.

थर किती घ्यावेत हे हवेवर आहे. मुंबई-कोकणात तीन पुरतात. घाटावर चार, नाशिक-निफाडच्या थंडीला पाच-सहा. सहाच्या वर जाऊ नये, सुई एका दमात आरपार जात नाही आणि खालच्या बाजूला टाके सुटतात. ऊब मिळते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेने. म्हणून जाडजूड एका कापडापेक्षा पातळ चार थर जास्त उबदार होतात. आत रेक्रॉन (उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कृत्रिम कापूस) किंवा जुन्या उशीचा कापूस घालायचा मोह टाळावा. तो धुण्यात सरकून कोपऱ्यात गोळा होतो.

थर मांडायला जमीन स्वच्छ पुसून कोरडी करावी. पलंगावर मांडू नये, गादी दबते आणि खालचा थर ढिला राहतो. सगळ्यात खालचा थर उलटी बाजू वर करून पसरावा, चारी कोपऱ्यांवर वरवंटा, पाट असं काही वजन ठेवावं. प्रत्येक थर पसरल्यावर मधून बाहेर तळहात फिरवून झोळ काढावा. वरचा थर सुलट बाजू वर. मग टाचण. ही पायरी गाळली की गोधडी बिघडली म्हणून समजावं. वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने, दोन इंच लांबीचे कच्चे टाके, मधल्या बिंदूपासून बाहेरच्या कडेपर्यंत घालावेत. आधी उभी आणि आडवी अशी अधिकची खूण, मग चारी कोपऱ्यांकडे तिरप्या रेषा, मग वितीच्या अंतराने उभ्या ओळी. टाचणीने टोचून भागत नाही. एवढं मोठं कापड मांडीवर घेताना टाचण्या निसटतात आणि अंगात जातात.

दोरा जाडसर आणि सुती असावा. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा दोरा दणकट म्हणून लोक हौसेने घेतात आणि तिथेच फसतात. कापडापेक्षा दोरा मजबूत असला की ताण पडल्यावर दोरा तुटत नाही, तो जुन्या कापडाला कापत जातो. तुटलेला सुती दोरा पाच मिनिटांत पुन्हा घालता येतो, कापलेलं कापड सांधता येत नाही. मशीनचा बारीक दोरा दुहेरी करूनही वापरू नये, दोन पदर सारखे ताणले जात नाहीत आणि गाठी पडतात. एका वेळी हातभर, फार तर दीड हात दोरा ओवावा. ओवण्याआधी मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढला तर पिळा कमी पडतो. सुई दोन ते अडीच इंच लांब, बारीक टोकाची. फार जाड सुईने विरल्या कापडाला भोकं पडतात आणि ती बुजत नाहीत. मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी, हवंच.

दोरा किती लागेल? ओळींमध्ये एका बोटाचं, म्हणजे पाऊण इंचाचं अंतर ठेवलं तर या मापाच्या गोधडीत सगळ्या ओळी मिळून सुमारे 187 मीटर होतात. टाके खालीवर जाण्यात आणि गाठींत पाचवा हिस्सा जास्त जातो, म्हणून 250 मीटर दोरा जवळ असावा. अंतर अर्धा इंच ठेवलं तर 350 मीटर. एकाच वेळी सगळा दोरा आणावा, नंतर आणलेल्या दोऱ्याची छटा जुळत नाही. ओळी जितक्या जवळ तितकी गोधडी टिकाऊ, पण चपटीही होते. रोजच्या वापराला पाऊण इंच योग्य.

टाका धावदोऱ्याचा, तांदळाच्या दाण्याएवढा. वर दाणा, मधली फट त्याच्या निम्मी. सुईवर एकदम तीन-चार टाके घ्यावेत आणि दोरा ओढताना कापड चुणू लागलं की तिथेच थांबावं. दोरा ओढून झाल्यावर ओळीवरून अंगठा फिरवून कापड सैल करून घ्यायचं असतं, हे कुठल्याच छापील कृतीत सापडत नाही. ओळ घट्ट राहिली तर 62 इंचांची रुंदी दीड-दोन इंचांनी कमी होते, आणि पुढची ओळ सैल घातली की दोन ओळींमध्ये पन्हाळी पडतात. सुरुवातीची गाठ थरांच्या आत ओढून घ्यावी. संपवताना त्याच जागी दोन उलटे टाके घालून दोरा इंचभर थरांतून फिरवून कापावा. वर गाठ ठेवली तर ती अंगाखाली टोचते आणि धुताना सुटते.

सुरुवात कुठून करायची यावरून मतभेद आहेत. जुनी पद्धत कडेने सुरुवात करून चौकोनात चौकोन शिवत मध्यावर पोचायची. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूरकडच्या सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, अशीच कडेपासून शिवतात, आणि चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या चौकोनी तुकड्यांची फुलं बसवतात. ज्यांचा हात बसलेला आहे त्यांना हे साधतं, कारण त्या दर फेरीला कापड चापून सारखं करत जातात. नव्याने शिकणारीने मात्र उलट करावं, मधून बाहेर. कारण साधं आहे. सुई कापडाला थोडं थोडं पुढे ढकलत जाते. कडा आधीच बंद असतील तर हे ढकललेलं कापड मध्यावर अडकून फुगवटा येतो. कडा मोकळ्या असतील तर ते बाहेर निघून जातं आणि शेवटी कात्रीने कापून टाकता येतं. फुगवटा आलाच, तर त्यावर चुणी घालून शिवून टाकू नये. त्या भागातल्या दोन-तीन ओळी उसवाव्यात, झोळ मोकळ्या कडेकडे सारावा आणि पुन्हा शिवावं.

मशीनवर सगळी गोधडी शिवता येते का? येते, पण घरगुती मशीनचा दाब वरच्या थराला पुढे ढकलतो आणि खालचा दात्यांनी ओढला जातो, त्यामुळे थर तिरके होतात. शिवाय मशीनची टीप ओळीने इतक्या जवळ भोकं पाडते की विरलेलं कापड त्याच रेषेवर फाटतं. जोड आणि कडेची पट्टी मशीनवर, ओळी हाताने, ही वाटणी चांगली.

कडेची पट्टी शेवटी. गोधडी हाताने ओढली जाते, घासली जाते ती कडेला, आणि फाटायला सुरुवात तिथूनच होते. आधी मोजपट्टी लावून चारी बाजू सरळ कापाव्यात. उरलेल्या 30 बाय 45 च्या एका तुकड्यातून तीन इंच रुंदीच्या, 45 इंच लांबीच्या दहा पट्ट्या निघतात. गोधडीचा घेर 302 इंच आहे, त्याला आठ पट्ट्या जोडून पुरतात. पट्टीच्या दोन्ही कडा अर्धा इंच आत दुमडल्या की दोन इंच उरतात, ती कडेवर दुमडून वर एक आणि खाली एक इंच बसते. पट्टीला सगळ्यात धड कापड घ्यावं. पाच-सहा वर्षांनी पट्टी विरली तर फक्त ती बदलावी, आतली गोधडी शाबूत असते.

मांडायला घेतानाच सुया मोजून घ्याव्यात, आणि दर वेळी उठताना पुन्हा मोजाव्यात. गोधडीत हरवलेली सुई डोळ्यांना दिसत नाही. एखादा लोहचुंबक डब्यात ठेवला तर तो कापडावरून फिरवता येतो. सगळी मोजणी जुळल्याशिवाय गोधडी कुणाच्या अंगावर घालू नये.

धुण्याबद्दल थोडं. चार थरांची सुती गोधडी कोरडी सव्वा-दीड किलोची असली तरी ओली झाल्यावर तिच्या कितीतरी पट जड होते. मशीनमध्ये एकटीच टाकावी, पाणी कोमट किंवा गार. एका दोरीवर घडी टाकून वाळवली तर मधला भाग ओला राहतो आणि सगळा भार एका रेषेवर येतो. दोन दोऱ्यांवर पसरून, दुपारी उलटवून वाळवावी. पावसाळ्यात धुऊ नये. आत ओल राहिली की बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते कायमचे राहतात. मे महिन्यात कडक ऊन देऊन, सुकलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून सुती कापडात गुंडाळून ठेवावी. प्लास्टिकच्या पिशवीत मात्र ठेवू नये.

बाळाच्या दुपट्याला हीच कृती, पण 36 बाय 36 इंच आणि दोन किंवा तीनच थर. सगळ्यात जास्त धुतलेलं, सगळ्यात मऊ कापड यासाठी राखून ठेवावं. टिकली, आरसा, मणी, लोकर, झालर काहीही लावू नये. वर्षाच्या आतल्या बाळाच्या खाली दुपटं अंथरावं. झोपलेल्या बाळावर सैल पांघरूण टाकलं तर ते नाकातोंडावर जाण्याचा धोका असतो.

पॉलिएस्टरच्या साड्यांचं काय करायचं, हा प्रश्न राहतोच. त्यांची पायपुसणी करावीत, पण ती दाराबाहेरची. माती झटकली जाते आणि लवकर वाळतात. न्हाणीघरापाशी मात्र सुतीच हवं, पाणी शोषलं गेलं पाहिजे. तीन इंच रुंदीच्या लांब पट्ट्या फाडून तिपेडी वेणी घालावी. वेणीत लांबी आटते, म्हणून एक मीटर वेणीला सव्वा ते दीड मीटर पट्टी धरावी. 24 बाय 16 इंचांच्या लंबगोल पायपुसण्याला साधारण दहा मीटर वेणी लागते, एका साडीत दोन जेमतेम होतात. मधली पहिली सरळ ओळ किती ठेवायची, हे न कळल्याने आकार बिघडतो. लांबीतून रुंदी वजा करायची: 24 वजा 16, म्हणजे आठ इंच. तिथून वेणी वळवून शेजारच्या वेणीला आतल्या बाजूने टाके घालत जावं. वळणावर वेणी ओढून धरली तर पायपुसणं वाटीसारखं वर उचलतं, फार सैल सोडली तर कडेला लाटा येतात. वळणावर बाहेरची वेणी किंचित जास्त भरावी आणि दर फेरीनंतर जमिनीवर ठेवून बघावं. फरशीवर ही पायपुसणी घसरतात. घरात वयस्कर माणूस असेल तर खाली रबरी जाळी घालावी.

जुन्या जीन्सची पिशवी करतात तशी भांडी उतरवायची फडकीही करावीत. आठ इंच चौकोन, बाहेर जीन्सचे दोन थर, आत जुन्या सुती टॉवेलचे दोन. मशीनला सोळा नंबरची सुई घालावी, नेहमीची जीन्सच्या जाड शिवणीवर मोडते. नायलॉनची लेस किंवा पॉलिएस्टरची पट्टी लावू नये, गरम कढईला ती वितळून चिकटते. आणि फडकं ओलं असताना कधीही वापरू नये, ओल्या कापडातून उष्णता पटकन हातापर्यंत येते.

महाराष्ट्रात 2018 मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर आणि थर्मोकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आली. तरीही त्यानंतरच्या कित्येक वर्षांत हस्तकलेच्या पानांवर थर्मोकोलच्या मखराचे फोटो दिसत राहिले, याचं वाईट वाटतं. कापडी पिशवी कशी शिवावी, तिच्या बंदाच्या जोडावर शिवणीचा चौकोन करून आत फुली मारावी म्हणजे तो तुटत नाही, एवढं तरी त्या पानांवर यायला हवं होतं.

घरातलं हे काम एकट्या बाईवर येऊ नये असंही वाटतं. आठ-दहा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला सुईत दोरा ओवता येतो, कच्चे टाके घालता येतात, टाचण उसवता येतं. मोजमाप आणि कापण्याचं काम घरातल्या पुरुषांनी करायला काहीच हरकत नाही, ते गणिताचंच काम आहे. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला चमकीचा कागद चिकटवण्यापेक्षा हातरुमालाएवढ्या चौकोनात पाच ओळी धावदोरा घालायला शिकवला, तर सदऱ्याचं बटण आणि उसवलेली शिवण यासाठी त्या मुलांना जन्मभर कुणाकडे जावं लागणार नाही.

ज्या बाया दारोदार गोधड्या शिवून देतात त्यांच्याबद्दलही आपल्या पानावर लिहिलं जावं. वर दिलेल्या मापाच्या गोधडीला सराईत हाताचेही पंचवीस-तीस तास जातात. म्हणजे तीन-चार पूर्ण दिवसांची मजुरी झाली. कापड आपलंच असतं, दोरा स्वस्त असतो, म्हणून लोक घासाघीस करतात. शेतावरच्या किंवा बांधकामावरच्या चार दिवसांच्या मजुरीशी तुलना करून मगच भाव बोलावा. शिवून घेणाऱ्याने स्वतः दोन ओळी घालून बघितल्या की घासाघीस आपोआप कमी होईल.

आपल्याला विनंती एवढीच, की या सदरातल्या प्रत्येक कृतीसोबत चार गोष्टी छापाव्यात: साहित्याची मापं, लागणारे तास, बिघडण्याच्या जागा आणि धुण्याची पद्धत. फोटो लहान झाला तरी चालेल. फोटो छापायचाच असेल तर उलट बाजूचाही छापावा, शिवण कळते ती तिथूनच. पहिल्याच अंकात मोठी गोधडी नको. दुपट्याने सुरुवात करावी. 45 इंच पन्ह्याच्या एका सुती साडीत 36 इंचांचे सहा तुकडे होतात, म्हणजे तीन-तीन थरांची दोन दुपटी. पट्टीला प्रत्येक तुकड्याच्या बाजूची नऊ इंचांची फाळ उरते, ती तीन इंचांनी फाडली की दोन्ही दुपट्यांना पुरून उरते. पाऊण इंचाच्या अंतराने एका दुपट्याला साठ मीटर दोरा पुरेसा होतो.

आपली,
एक वाचक, सातारा